शोधनिबंध लिहिताय? या चुका टाळा

निबंध तपासायला हातात आला की मी पहिलं पान बाजूला ठेवते आणि थेट शेवटची संदर्भसूची काढते. पाच मिनिटांत बहुतेक सगळं कळतं. एका नोंदीत लेखकाचं पूर्ण नाव, दुसरीत नुसतं आद्याक्षर. कुठे वर्ष कंसात, कुठे अगदी शेवटी. मध्येच एखादी अर्धवट लिंक. म्हणजे सूची आदल्या रात्री जमवलेली. वर्षानुवर्षं त्याच त्या चुका पाहतेय, आणि वाईट याचं वाटतं की त्या आळशी मुलांपेक्षा मेहनती मुलांच्याच जास्त असतात. वाचन भरपूर झालेलं असतं, पण कागदावर येता येता निम्मं सांडतं.

"संदर्भ नंतर टाकू"

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. आधी लिहून घेऊ, संदर्भ शेवटी बघू, म्हणजे वरातीमागून घोडं. वाचताना ज्या नोंदीला अर्धं मिनिट लागलं असतं, तिच्यासाठी नंतर अर्धा दिवस जातो, आणि तरी ती सापडेलच असं नाही.

हे मी अनुभवावरून सांगतेय. विद्यार्थिनी असताना एका मोठ्या निबंधासाठी मी वहीत टिपणं काढत होते. आवडलेली वाक्यं उतरवून घ्यायची, शेजारी आपले विचार लिहायचे, असं तीन महिने चाललं. घाईत कधी अवतरणचिन्हं घातली, कधी राहून गेली. लिहायला बसले तेव्हा कुठलं वाक्य पुस्तकातलं आणि कुठलं माझं, हे वही बघून कळेना. तरी मी लिहीत गेले. मसुदा वाचून मार्गदर्शकांनी एका परिच्छेदावर बोट ठेवलं. "ही तीन वाक्यं तुझी वाटत नाहीत. कुठली आहेत?" मला सांगता आलं नाही. पुढचे दोन दिवस ग्रंथालयात एकेक पुस्तक पुन्हा चाळत बसले. एक वाक्य सापडलं, दोन सापडली नाहीत. ती काढली तर त्यांच्यावर उभा असलेला अख्खा विभाग कोसळला, तोही काढावा लागला. चोरीचा हेतू नव्हता हे त्यांना ठाऊक होतं. पण निबंध परीक्षकांकडे तसाच गेला असता, तर हेतू कोणी विचारला नसता.

तेव्हापासून टिपणाचं पहिलं अक्षर लिहिण्याआधी पानाच्या डोक्यावर लेखक, वर्ष आणि पुस्तकाचं नाव लिहिते, आणि समासात पृष्ठ क्रमांक. जसंच्या तसं उतरवलेलं वाक्य अवतरणचिन्हांत. माझ्या शब्दांत सांगितलेलं असेल तर समोर "सा", म्हणजे सारांश. विचार माझा असेल तर "मी". एवढ्या तीन खुणा पुरतात. संदर्भांच्या नोंदी साठवणारं झोटेरोसारखं मोफत सॉफ्टवेअर २००६ पासून उपलब्ध आहे, तेही जरूर वापरा, पण त्यात आपोआप आलेली प्रत्येक नोंद डोळ्यांखालून घाला. लेखकाचं नाव आणि आडनाव उलटसुलट होणं, वर्ष गायब असणं हे त्यात सर्रास होतं. सॉफ्टवेअर फक्त नोंद साठवतं, ती बरोबर आहे की नाही ते तुम्हीच बघायचं.

निबंधाला मुद्दाच नसणं

"प्रस्तुत निबंधात झोपेचे महत्त्व सांगितले आहे." असं वाक्य वाचलं की पुढे काय येणार ते मला कळतं: झोपेची व्याख्या, झोपेचे प्रकार, झोपेचे फायदे, समारोप. ही माहितीची यादी झाली. निबंधात तुम्ही काहीतरी ठामपणे म्हणायला हवं, असं काहीतरी की ज्यावर समोरचा "मला नाही पटत" म्हणू शकेल. आता हे बघा: "परीक्षेच्या आदल्या रात्री जागून केलेली उजळणी तोट्याची ठरते, कारण वाचलेलं डोक्यात पक्कं बसण्याचं बरंचसं काम झोपेत होतं." इथे दावा आहे, कारण आहे, आणि पुढे काय सिद्ध करायचं तेही ठरलं. झोपेच्या प्रकारांपैकी यासाठी लागतील तेवढेच येतील, बाकीचे आपोआप गळतील.

हा दावा प्रस्तावनेच्या शेवटी एक-दोन वाक्यांत यावा. माझी सवय अशी की आधी कच्चा दावा लिहायचा, मग मधला भाग, आणि प्रस्तावना सगळ्यात शेवटी नव्याने लिहायची. लिहिताना दावा बदलतोच. जुनी प्रस्तावना तशीच राहिली की निबंध सुरू होतो एका मुद्द्यावर आणि संपतो दुसऱ्याच. हे इतक्यांदा पाहिलंय की हल्ली समारोप वाचून झाल्यावर मी उलटी प्रस्तावनेकडे जाते.

मसुदा झाला की आणखी एक करा. प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं वाक्य वेगळ्या कागदावर उतरवा आणि तेवढंच सलग वाचा. विचार पुढे सरकत असेल तर रचना ठीक आहे. तिसरं आणि सातवं वाक्य एकच सांगत असेल, तर दोनांतला एक परिच्छेद जाणार. पहिल्या वाक्यावरून परिच्छेद कशाबद्दल आहे तेच कळत नसेल, तर त्यात बहुधा दोन परिच्छेद कोंबलेले आहेत. याला फार तर वीस मिनिटं लागतात, पण दहातली एखादी व्यक्ती करते. बाकीच्यांना लिहून झालं की फाईल पाठवायची घाई. पी हळद आणि हो गोरी असं या कामात होत नाही.

शब्द बदलले म्हणजे आपलं झालं

मूळ वाक्य: "झोपेच्या अभावाचा स्मरणशक्तीवर विपरीत परिणाम होतो." विद्यार्थ्याचं वाक्य: "निद्रेच्या कमतरतेचा स्मरणक्षमतेवर वाईट प्रभाव पडतो." सांगाडा तोच, वर नवे कपडे. शेवटी संदर्भ दिला तरी ही उचलेगिरीच. पुस्तक मिटा, काय कळलं ते कोणाला तरी सांगताय असं लिहा, मग पुस्तक उघडून ताडून बघा. पुस्तक मिटल्यावर काहीच लिहिता येत नसेल, तर मजकूर कळलेला नाही, पुन्हा वाचा. आणि वाक्य पूर्णपणे तुमच्या शब्दांत आलं, तरी कल्पना दुसऱ्याची आहे तोवर संदर्भ द्यावाच लागतो.

न पाहिलेले संदर्भ

एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने लेखकांसाठीच्या सूचनांत नोंद कशी करायची ते दाखवायला एका लेखाचा नमुना दिला होता. तो लेख अस्तित्वातच नव्हता. तरी शेकडो शोधनिबंधांच्या सूचीत तो जाऊन बसला, आणि हे २०१७ साली उघड झालं. सूची कशी जमवली जाते ते यावरून दिसतं.

आता त्यात चॅटबॉटची भर पडली आहे. लेखकाचं नाव खरं, नियतकालिक खरं, वर्ष पटण्याजोगं, आणि तसा लेख कोणी लिहिलेलाच नाही. मध्ये एका निबंधातल्या अशा नोंदींचे डीओआय, म्हणजे लेखाला दिलेला कायमचा ऑनलाइन क्रमांक, मी एकेक करून उघडले. एक भलत्याच विषयावरच्या लेखावर गेला, दुसरा कुठेच गेला नाही. विद्यार्थ्याला बोलावलं तर म्हणाला, "मॅडम, लेख वाचायला वेळच नव्हता." मग त्याचं नाव सूचीत का? संदर्भ देणं म्हणजे "हे पान मी पाहिलंय" असं लिहून देणं. या बाबतीत मी गुणांत जराही सूट देत नाही. मूळ ग्रंथ मिळत नसेल आणि तुम्ही दुसऱ्याच्या पुस्तकातला उतारा वाचला असेल, तर तसंच लिहा: अमुक यांचं मत, तमुक यांनी उद्धृत केलेलं. सूचीत नाव तमुक यांचं, कारण पुस्तक तुम्ही त्यांचं वाचलं.

पद्धतींची खिचडी

एपीए, एमएलए, शिकागो या संदर्भ लिहिण्याच्या ठरलेल्या पद्धती; त्यांतली कुठली वापरायची ते विभागाला पहिल्याच दिवशी विचारा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा. एपीएमध्ये कंसात आडनाव आणि वर्ष येतं, एमएलएमध्ये आडनाव आणि पृष्ठ, तेही मध्ये स्वल्पविराम न देता. शिकागोच्या एका प्रकारात तळटिपा असतात, दुसऱ्यात लेखक आणि वर्ष. आवृत्तीही बघा. एपीएची सातवी आवृत्ती २०१९ साली आली. तिच्यात प्रकाशनस्थळ द्यायचं नसतं, आणि तीन किंवा जास्त लेखक असतील तर पहिल्याच उल्लेखापासून पहिलं आडनाव आणि "व इतर" असं लिहितात. वरच्या वर्गातल्या कोणाचा तरी जुना निबंध समोर ठेवून नक्कल केली की जुने नियम आत शिरतात.

लांब उतारेही इथेच चुकतात. एपीएमध्ये ४० किंवा जास्त शब्दांचा उतारा वेगळ्या, आत सरकवलेल्या परिच्छेदात येतो, अवतरणचिन्हांशिवाय. मला विचाराल तर छोट्या निबंधात असा एकही उतारा नको. अर्धं पान दुसऱ्याला देऊन टाकलं, तर तुम्ही काय म्हणणार?

बाकीचं थोडक्यात. नवीन पानावर जायला एन्टर दाबत बसू नका, पेज ब्रेक द्या. शीर्षकांना हाताने ठळक करू नका, हेडिंग स्टाइल वापरा. समारोपात नवा मुद्दा आणि नवा संदर्भ आणू नका. शब्दमर्यादा भरायला फाँट आणि समास वाढवू नका, आम्हाला दिसतं.

सादर करण्याआधी निबंध छापून घ्या. मजकुरातला प्रत्येक कंस पेनाने गोल करा आणि तेच आडनाव, तेच वर्ष सूचीत असेल तर दोन्हीकडे बरोबरची खूण करा. मग सूचीत खुणेविना उरलेली नोंद काढून टाका. मजकुरात खुणेविना राहिलेल्या कंसासाठी मात्र टिपणवही उघडा, आणि पान सापडेपर्यंत फाईल पाठवू नका.