आजीचे आयुष्य लिहायला बसताना पंचांग आणि सातबारा जवळ ठेवा

पती मुंबईच्या गिरणीत आणि गावाकडची शेती आपल्या शिरावर, अशा पिढीतील आज्या आता एकेक करून आपल्यातून जात आहेत. लालबाग-परळपासून डोंबिवली-विरारपर्यंत विखुरलेल्या त्यांच्या नातवंडांना वर्षश्राद्ध जवळ आले की आजीविषयी काही लिहून ठेवावेसे वाटते, आणि बहुतेक वेळा कागदावर उतरतात ती ‘प्रेमळ, कष्टाळू, धार्मिक’ ही विशेषणे, जी कोणाच्याही आजीला लागू पडतील. माझे मत असे की आजीची हकीकत जन्मापासून मृत्यूपर्यंत न लिहिता तिच्या एका वर्षाच्या क्रमाने लिहावी, कारण तिचा संसार, तिची भक्ती आणि तिची शेती ही सारी एकाच पंचांगावर चालत असत.

त्यासाठी एक वही घेऊन पानाच्या डाव्या बाजूस नक्षत्रे आणि तिथी लिहाव्यात. जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर लागणाऱ्या मृगापासून सुरुवात करून हस्तापर्यंत यावे आणि पुढे दिवाळी, सुगी, गावची जत्रा असे करीत पुन्हा रोहिणीपर्यंत जावे. उजव्या बाजूस आजी त्या दिवसांत काय करीत असे ते नोंदवावे: भाताच्या रोपांचा तरवा कधी टाकला जाई, लावणीला सावड, म्हणजे एकमेकांच्या शेतात आळीपाळीने राबणे, कोणाकोणाशी असे, पाऊस लांबून शेतकाम अडले तर आषाढीची वारी चुके का, नागपंचमीला जमिनीत अवजार न घालण्याचा नेम ती पाळी का. माझी आजी पाटण तालुक्यातली. घटस्थापनेला ती आपल्याच शेतातली माती पत्रावळीवर पसरून तीत घरच्या कणगीतले धान्य पेरी, नवव्या दिवशी उगवलेले कोंब बोटांनी मोजी, आणि जे विरळ आले असेल ते बियाणे पुढच्या पेरणीस ठेवावे की नाही याचा विचार त्यावरून करी. देवापुढचा घट आणि बियाण्याची पारख जिथे अशी एकत्र येते, तिथे घाई न करता सगळा तपशील लिहावा.

सन विचारले तर नातेवाइकांना सहसा सांगता येत नाहीत. खुणा विचारल्या तर चटकन सांगता येतात. दशमान पद्धतीचे नवे पैसे आले ते १९५७ साली, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला, मोठा दुष्काळ १९७२ चा, गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. ‘भूकंपात थोरला रांगत होता’ एवढे एक वाक्य मिळाले तरी त्याचे जन्मसाल जवळपास निश्चित होते. संपाविषयी मुंबईकर कुटुंबाने आवर्जून विचारावे, कारण मनिऑर्डर थांबल्यावर कोणते जनावर विकले, कोण गावी परतले आणि दुकानदाराची उधारी कशी फेडली, हे आजीइतके नेमके दुसऱ्या कोणाला ठाऊक नसते. ती हयात नसेल तर तिची जाऊ सांगू शकेल. घरातील जुनी पितळी भांडीही उलटून पाहावीत. लग्नात आलेल्या भांड्यांवर नाव घातलेले असते, आणि पुष्कळदा त्याखाली तारीखही असते.

जमिनीचे कागद थोडक्यात पाहिले तरी चालतात. सातबारा ‘महाभूलेख’वर दिसतो, जुने फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, मात्र बऱ्याचदा तलाठ्याकडे किंवा तहसील कार्यालयात विचारावे लागतात. शेत कसणारी तीच असली तरी आजीचे नाव बहुधा पतीच्या निधनानंतर वारस म्हणून चढलेले आढळते, आणि माहेरच्या जमिनीतला आपला वाटा तिने हक्कसोडपत्र करून सोडून दिलेला असू शकतो. ही नोंद सापडली तर ती तारखेसह लिहावी.

माणसांशी बोलताना मुलांच्या आधी जावा, नणंदा, भावजया आणि सावडीतल्या बायका यांना गाठावे. मुलांना आई ठाऊक असते, यांना ती कामाला कशी होती हे ठाऊक असते. आत्याकडे रविवारी दुपारी जेवणे उरकल्यावर बसावे, मोबाइलवर ध्वनिमुद्रण लावावे, त्याआधी पंखा बंद करून रस्त्याकडची खिडकी लावून घ्यावी, आणि सुरुवातीलाच बोलणाऱ्याचे नाव, तारीख व ठिकाण मोठ्याने सांगावे. ‘आजी कशी होती?’ असे विचारू नये. ‘खळ्यावर उफणायला कोण उभे राही?’, ‘एकादशीला घरात काय शिजे?’, ‘संध्याकाळी हरिपाठ म्हणताना पोरे कोण सांभाळी?’ असे विचारावे. उत्तर ज्या बोलीत येईल त्याच बोलीत उतरवावे. ते प्रमाण मराठीत सुधारून घेतल्यास माणूसच बदलतो.

जात्यावरच्या ओव्या कोणास आठवत असतील तर त्या मागून घ्याव्यात, कारण विठ्ठल, भाऊ, लेक आणि पाऊस हे सारे त्यांत एकत्र येते. हेमा राईरकर आणि गी पॉईतवाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रात अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या आहेत. त्या संग्रहाप्रमाणेच आपणही प्रत्येक ओवीखाली म्हणणारीचे आणि गावाचे नाव लिहावे.

दगावलेली मुले, सासुरवास, भाऊबंदकी हे विषय निघतीलच. ते वगळू नयेत, कारण त्यांच्याविना तिच्या कष्टांचा आणि नवसांचा अर्थ लागत नाही. मात्र जे हयात आहेत त्यांना तो मजकूर आधी वाचून दाखवावा आणि त्यांनी नको म्हटलेले घरातल्या वहीपुरतेच ठेवावे.

छापण्यापूर्वी मजकूर तिच्या पिढीतील एखाद्या व्यक्तीस सलग वाचून दाखवावा, म्हणजे नक्षत्र, नाते आणि शेताचे नाव यांतल्या चुका तिथल्या तिथे निघतात. अक्षर मोठे ठेवावे, फोटोंखाली सर्वांची नावे द्यावीत, आणि ध्वनिमुद्रणाच्या प्रती किमान दोन घरांत, एक मुंबईत व एक गावी, जपून ठेवाव्यात.