रामनसाठी सोन्याचे नॅनोकण: नव्याने येणाऱ्यांसाठी थोडं अनुभवातून

एम.एस्सी. करून सोन्याचे नॅनोकण पेशींवर बसवून त्यांच्या रामन सिग्नलने पेशी ओळखण्याच्या या विषयाकडे वळणारी मुलं बहुतेक वेळा लेझर, मायक्रोस्कोप आणि डेटाविषयी विचारतात. माझं मत स्पष्ट आहे: इथलं यशापयश मायक्रोस्कोपच्या कितीतरी आधी, कोलॉइडच्या, म्हणजे द्रवात तरंगत्या नॅनोकणांच्या, टेबलावर ठरतं.

रामन विकिरण, म्हणजे रेणूवर आदळून ऊर्जा बदलून विखुरलेला प्रकाश, मुळात फार क्षीण. रेणूवर कोटीभर फोटॉन आदळले तर जेमतेम एखादा बदललेल्या ऊर्जेने बाहेर पडतो. 1928 साली कोलकात्यात रामन आणि कृष्णन यांनी तो टिपला, हे आजही थक्क करतं. 1974 मध्ये इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या गटाला खडबडीत केलेल्या चांदीच्या इलेक्ट्रोडवर पिरिडीनचा अनपेक्षित जोरकस सिग्नल मिळाला. तो केवळ वाढलेल्या पृष्ठभागामुळे नाही, हे 1977 मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं. आपले नॅनोकण त्याच परिणामावर चालतात, ज्याला सगळे ‘सर्स’ (सरफेस-एनहान्स्ड रामन स्कॅटरिंग) म्हणतात.

सुरुवात सोन्यापासून करा. चांदी सिग्नल जास्त देते, पण ती ऑक्सिडाइज होते आणि पेशींना त्रासदायक ठरते. टर्केविचची 1951 ची पद्धत अजूनही पहिला धडा आहे: उकळत्या क्लोरोऑरिक आम्लात सायट्रेट घातलं की फिकट पिवळा रंग जातो, द्रावण काळपट निळं होतं आणि मग लालभडक. त्या आम्लाला स्टीलचा चमचा लावायचा नाही. भांडी अम्लराजने (हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्लांचं मिश्रण) धुवायची, तीही फ्यूम हूडमध्ये, आणि उरलेलं अम्लराज घट्ट बुचाच्या बाटलीत कधीच ठेवायचं नाही, कारण त्यातून वायू सुटत राहतो. यूव्ही-व्हिजिबलमध्ये (द्रावण कोणता प्रकाश शोषतं ते मोजणारं यंत्र) 520 नॅनोमीटरच्या आसपास एकच सुबक शिखर दिसलं तर पुढे जा.

खरी परीक्षा मिठाची. हे कण ऋण प्रभारामुळे एकमेकांपासून दूर राहतात. बफरमधलं (पेशींसाठीच्या खारट द्रावणातलं) मीठ तो प्रभार झाकतं, कण चिकटतात आणि लाल द्रावण जांभळं-निळसर होतं. म्हणून आधी रिपोर्टर रेणू, म्हणजे ज्याचा रामन सिग्नल आपण वाचतो तो, बसवायचा (मर्कॅप्टोबेंझोइक आम्ल चांगलं, 1080 आणि 1590 cm⁻¹ च्या जवळ ठळक शिखरं), मग थायॉल (सोन्याला चिकटणारा गंधकाचा गट) असलेलं पेग, म्हणजे कणांना वेगळं ठेवणारा पॉलिमर, आणि त्यावर अँटिबॉडी, म्हणजे पेशीवरचा ठरावीक रिसेप्टर ओळखून चिकटणारं प्रथिन. प्रत्येक पायरीनंतर यूव्ही-व्हिजिबल घ्या, कंटाळा करू नका.

इथे एक मोह टाळा. कण चिकटले की सिग्नल भराभर वाढतो, कारण दोन कणांमधल्या नॅनोमीटरभर फटीत विद्युतक्षेत्र प्रचंड तीव्र होतं आणि सिग्नल त्या क्षेत्राच्या जवळजवळ चौथ्या घातात वाढतो. पण ती फट दर वेळी वेगळी असते. आजचा आकडा उद्याच्या आकड्याशी ताडता येत नसेल तर त्याला सेन्सिंग कसं म्हणायचं? थोडा कमी पण दर वेळी तोच येणारा सिग्नल मी कधीही पत्करेन.

पेशींवर आलात की कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचे नमुने, हाच प्रयोगाचा गाभा. नकाशात पेशी उजळली म्हणजे अँटिबॉडीने रिसेप्टर शोधला असं नाही. पेशी कण नुसते गिळूनही टाकतात. अँटिबॉडी नसलेले कण, असंबद्ध अँटिबॉडीचे कण, रिसेप्टर नसलेल्या पेशी आणि आधी मोकळी अँटिबॉडी देऊन रिसेप्टर अडवलेल्या पेशी, हे सगळं हवंच. 2008 मध्ये अमेरिकेतल्या एमरी आणि जॉर्जिया टेक या विद्यापीठांच्या गटाने पेगने झाकलेल्या सोन्याच्या कणांनी उंदरांतल्या गाठी ओळखल्या. तो शोधनिबंध कंट्रोलकडे लक्ष ठेवून वाचा.

मायक्रोस्कोपचं थोडक्यात: रोज सिलिकॉनचं 520.5 cm⁻¹ चं शिखर तपासा. 785 नॅनोमीटरचा लेझर पेशींची स्वतःची चमक कमी ठेवतो. पॉवर कमीच ठेवा, सोनं तापतं. पेशींचे स्वतःचे सिग्नल जिथे जवळपास नसतात त्या 1800 ते 2800 cm⁻¹ च्या पट्ट्यात अल्काइन किंवा नायट्राइल गट असलेले रिपोर्टर उठून दिसतात.

आपल्याकडे या विषयाला चांगला आधार आहे. पुण्याच्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) सोन्याच्या नॅनोकणांवर जुनं, गाजलेलं काम झालंय आणि खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये (टाटा मेमोरियलचं कर्करोग संशोधन केंद्र) तोंडाच्या कर्करोगावर रामनचं काम झालंय, तेही नॅनोकणांशिवाय. दोन्ही वाचलंत तर कण नेमके कुठे लागतात आणि कुठे नाही, ते कळेल.

लॅब निवडताना गाईडना दोन गोष्टी सरळ विचारा: रामन मायक्रोस्कोप स्वतःचा आहे की स्लॉट घ्यावा लागतो, आणि सेल कल्चर कुठे आहे? जिवंत पेशींचा प्रयोग असेल तर ते त्याच इमारतीत असलेलं बरं. शहराच्या दुसऱ्या टोकाहून रिक्षाने आणलेल्या प्लेटमधल्या पेशी लेझरखाली येईपर्यंत तळापासून सुटायला लागलेल्या असतात.