अपडेटनंतर वाय-फाय रुसलं तर

फोन अपडेट झाला आणि वाय-फाय जोडलं जाईना, तर लगेच फॅक्टरी रीसेट, म्हणजे सगळं पुसून फोन कोरा, करू नका. त्याची वेळ क्वचितच येते.

आधी फोन आणि राउटर दोन्ही बंद करून चालू करा. तेवढ्यानं भागलं नाही, तर वाय-फायच्या यादीतलं आपलं नेटवर्क 'फरगेट' करा आणि पासवर्ड टाकून पुन्हा जोडा. जुनी साठवलेली माहिती पुसली जाते, आणि बहुतेकदा दुखणं तिथंच असतं.

एक कारण मात्र पटकन लक्षात येत नाही. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन आपला खरा मॅक पत्ता (नेटवर्कवर उपकरणाची ओळख सांगणारा क्रमांक) लपवून प्रत्येक नेटवर्कला वेगळा, बनावट पत्ता दाखवतो. राउटरवर ठरावीक उपकरणांनाच परवानगी दिलेली असेल, तर ओळखीचा फोनही त्याला परका वाटतो. अशा वेळी फक्त घरच्या नेटवर्कपुरता खरा पत्ता निवडा. बाहेरच्या वाय-फायवर तो लपलेलाच बरा. व्हीपीएन (इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमार्फत वळवणारं ॲप) चालू असेल तर तेही बंद करून बघा.

शेवटचा उपाय नेटवर्क सेटिंग्ज रीसेट. फोटो, मेसेज सुरक्षित राहतात, पण साठवलेले वाय-फाय पासवर्ड जातात आणि ब्लूटूथच्या जोड्याही तुटू शकतात. म्हणून पासवर्ड आधी लिहून ठेवा.