वार्षिक नियोजन आणि अध्ययन निष्पत्ती : या चुका टाळा

जूनमध्ये मुख्याध्यापकांच्या टेबलावर जमा होणारी बहुतेक वार्षिक नियोजने एकाच पद्धतीने तयार झालेली असतात. पुस्तकाची अनुक्रमणिका घ्यायची, तिचे दहा महिन्यांत तुकडे पाडायचे आणि शेवटच्या रकान्यात अध्ययन निष्पत्तीचे, म्हणजे त्या इयत्तेत मुलाला काय करता यायला हवे त्या अपेक्षांचे, क्रमांक भरून टाकायचे. क्रमांक बरोबर असतात, पण त्यांचा वर्गातल्या कामाशी संबंध राहत नाही.

सुरुवात उलट्या बाजूने करा. बालभारतीच्या पुस्तकांत निष्पत्ती सांकेतिक क्रमांकासह छापलेल्या असतात. ०६.७१ ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे सहावीचे गणित. त्यापुढचे अंक त्या निष्पत्तीचे. आधी ही यादी समोर ठेवा. प्रत्येक निष्पत्तीपुढे 'ही साध्य झाली हे मला कशावरून कळेल?' याचे एका ओळीत उत्तर लिहा आणि मगच त्यासाठी कोणते पाठ, किती तासिका हे ठरवा. असे केले की दोन गोष्टी लगेच दिसतात. काही निष्पत्ती तीन-तीन पाठांत विखुरलेल्या असतात, तर काहींना आपण एकही तासिका दिलेली नसते.

तासिकांचा हिशेब

शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला किमान २०० दिवस व ८०० तास, सहावी ते आठवीला २२० दिवस व १,००० तास अध्यापन हवे. चूक होते ती हे सगळे दिवस शिकवण्याचे धरण्यात. समजा सातवीला गणिताच्या आठवड्याला ७ तासिका आहेत. २२० दिवस म्हणजे साधारण ३६ आठवडे, म्हणजे कागदावर २५२ तासिका. चाचण्या, सत्र परीक्षा, स्नेहसंमेलन, क्रीडास्पर्धा, प्रशिक्षणे यांत ४० सहज जातात. उरलेल्या २१२ पैकी साधारण १५ टक्के, म्हणजे ३२ तासिका, पुन्हा शिकवण्यासाठी राखून ठेवा. नियोजन करायचे ते उरलेल्या १८० मध्ये. ज्यांनी २५२ धरलेल्या असतात ते जानेवारीपासून धावायला लागतात, आणि सगळ्यात आधी बळी जातो तो कृतींचा आणि उजळणीचा.

राखीव तासिका मार्चमध्ये एकगठ्ठा ठेवू नका. प्रत्येक घटकाला त्यातल्या दोन-तीन जोडा.

क्रियापदाकडे दुर्लक्ष

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. निष्पत्तीत 'सांगतो', 'वर्गीकरण करतो', 'कारणे स्पष्ट करतो', 'दैनंदिन जीवनातील उदाहरणे सोडवतो' असे काही ना काही क्रियापद असते. चाचणीतला प्रश्न मात्र वेगळेच काम मागतो. सहावीच्या मुलाने दशांश अपूर्णांकांच्या बेरीज-वजाबाकीची व्यवहारातली उदाहरणे सोडवणे अपेक्षित आहे. आपण विचारतो: ३.५ + २.४५ = ? यातून फार तर रीत कळते. कुठे बेरीज करायची आणि कुठे वजाबाकी, हे कळत नाही.

त्याऐवजी विचारा: ५ मीटर दोरीतून १.७५ मीटर कापली, किती उरली? उत्तर ३.२५. पण चुकलेली उत्तरे जास्त कामाची आहेत. ६.७५ लिहिणाऱ्या मुलाला वाक्यच समजलेले नाही. त्याला चित्र काढून प्रश्न मांडायला द्या, आकडेमोडीचा सराव नको. ४.७५ लिहिणाऱ्याने .७५ जसेच्या तसे खाली उतरवले आहे. ५ म्हणजेच ५.०० हे त्याच्या गावी नाही, त्यामुळे हातचा घेण्याचा प्रश्नच आला नाही. १.७० लिहिणाऱ्याने ५ चा आकडा शतांशाच्या घरात मांडला आणि १.७५ मधून वजा केला. त्याची अडचण स्थानिक किमतीची आहे, म्हणजे मागच्या इयत्तेतली. तिघांनाही 'पुन्हा सराव करा' असा शेरा दिला तर तिघेही तिथेच राहतात.

म्हणून चाचणी काढतानाच प्रत्येक प्रश्नापुढे निष्पत्तीचा क्रमांक लिहा आणि क्रियापद जुळते का ते पाहा. एका महत्त्वाच्या निष्पत्तीला किमान तीन प्रश्न हवेत. एका प्रश्नावरून निकाल लावणे म्हणजे नशिबाचा खेळ.

आकारिकची नोंद शेवटच्या आठवड्यात

२०१० पासूनच्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात आकारिक (शिकवता शिकवता वर्षभर होणारे) आणि संकलित (सत्राअखेरच्या परीक्षेतून होणारे) मूल्यमापनाचा भारांश इयत्तेनुसार बदलतो: पहिली-दुसरीला ७०:३०, तिसरी-चौथीला ६०:४०, पाचवी-सहावीला ५०:५०, सातवी-आठवीला ४०:६०. लहान वर्गांत आकारिकचे वजन जास्त, आणि नेमकी तीच नोंद सत्राच्या शेवटी बसल्या बैठकीत भरली जाते. मग 'वाचन चांगले करतो' हे एकच वाक्य तीस मुलांच्या नावापुढे येते. रोज पाच मुले ठरवून घ्या; तीसच्या वर्गात सहा दिवसांत फेरी पूर्ण होते. नोंद अशी हवी: 'जोडाक्षरांवर अडखळतो, पण वाचलेल्या परिच्छेदावरच्या प्रश्नांची उत्तरे बरोबर देतो.' यावरून उद्या काय करायचे ते कळते.

आढावा म्हणजे टक्केवारी नव्हे

'८० टक्के अभ्यासक्रम पूर्ण' यातून शिक्षक कुठवर पोहोचले एवढेच कळते. मुले कुठे आहेत हे पाहायचे तर घटक संपल्यावर एक साधा तक्ता करा: आडव्या ओळीत निष्पत्ती, उभ्या ओळीत मुलांची नावे, प्रत्येक चौकटीत साध्य, अंशतः साध्य किंवा बाकी. मग तक्ता दोन्ही दिशांनी वाचा. एखादा उभा रकाना 'बाकी'ने भरला असेल तर दोष शिकवण्यात किंवा प्रश्नात आहे. सगळ्या वर्गाला तो भाग वेगळ्या पद्धतीने पुन्हा द्या. एखादी आडवी ओळ भरली असेल तर त्या मुलाचा आधीचा पाया तपासा. निम्म्यापेक्षा कमी मुलांना जमले असेल तर पुढचा घटक थांबवा. दोन-चार जण मागे असतील तर वर्ग पुढे न्या आणि त्यांना राखीव तासिकेत घ्या. पायाभूत आणि संकलित चाचण्यांचे निकालही याच पद्धतीने वाचावेत. वर्गाची सरासरी काढून फाईलला लावणे हा निव्वळ कागदी सोपस्कार.

गेल्या वर्षीची फाईल तारखा बदलून वापरण्याचा मोह आता तर आवराच. राज्याचा नवा शालेय अभ्यासक्रम आराखडा २०२४ मध्ये आला असून पुस्तके पहिलीपासून टप्प्याटप्प्याने बदलत आहेत. जुने पाठ नव्या पुस्तकात नसतीलही.

आणि एप्रिलमध्ये तो तक्ता कपाटात ठेवू नका. 'बाकी' राहिलेल्या निष्पत्तींची यादी पुढच्या इयत्तेच्या शिक्षकांच्या हातात द्या, प्रत्येक विषयासाठी एक पान पुरते. त्यांच्या जूनच्या पहिल्या दोन आठवड्यांचे नियोजन त्यावरच होते.