रकाना केवढा, ते आधी सांग

एमएस्सी फिजिक्सला जळगावात होतो तेव्हाची गोष्ट. सीझियम-१३७ या किरणोत्सारी पदार्थाचा ६६२ केईव्ही (ऊर्जेचं एकक) चा गॅमा पीक, म्हणजे आलेखातला उंचवटा, घ्यायचा, त्यावर गॉसियन, म्हणजे घंटेच्या आकाराचा वक्र, बसवायचा (यालाच फिट म्हणतात) आणि पीकमध्ये किती नोंदी, म्हणजे डिटेक्टरने टिपलेले गॅमा किरण, आल्या ते सांगायचं. सर्न या संशोधन संस्थेच्या 'रूट' या सॉफ्टवेअरमध्ये फिट एका ओळीत झालं: उंची ४००, सिग्मा (वक्राचा पसरटपणा) २० केईव्ही. क्षेत्रफळ काढायला दोन्हींचा गुणाकार २.५०७ ने, म्हणजे २π च्या वर्गमुळाने गुणला. आले २०,०५६. पण कोपऱ्यातल्या चौकटीत सगळ्या स्पेक्ट्रमच्या, म्हणजे अख्ख्या आलेखाच्या, मिळून नोंदीच १४ हजार!

दोन दिवस डिटेक्टरवर संशय घेतला. मग यावलकडचा एक सिनियर स्क्रीनकडे बघून म्हणाला, "भो, तुझा रकाना केवढा?" रकाना, म्हणजे बिन (आलेखातला एक खांब), ४ केईव्ही रुंद होता. २०,०५६ भागिले ४, झाले ५,०१४.

दहावीत आयतालेख काढताना वर्गांतर लिहिलेलं असतं म्हणून लक्षात राहतं. सॉफ्टवेअर ते गुपचूप ठरवतं. फिट रकान्यांच्या उंचीला धरून होतो, त्यामुळे वक्राखालचं क्षेत्रफळ म्हणजे नोंदी गुणिले रकान्याची रुंदी.

उलटी चूकही केली. सुट्टीत घरी वडिलांच्या वहीत २०० केळीच्या घडांची वजनं सापडली. सरासरी १८ किलो, सिग्मा ३. पायथनमध्ये हिस्टोग्राम, म्हणजे आयतालेखच, काढला, वर नॉर्मल वक्र (तोच गॉसियन) टाकला, तर तो तळाला झोपलेला. झोपणारच: त्याचं क्षेत्रफळ १, माथा जेमतेम ०.१३. रकाने २ किलोचे, म्हणून २०० गुणिले २, म्हणजे ४०० ने गुणलं आणि माथा ५३ वर गेला. रकाने १ किलोचे केले असते तर २७ च्या आसपास.

हिस्टोग्रामलाच एकूण नोंदींनी भागून मग फिट करायचा मोह होतो. करू नका. नोंदींच्या वर्गमुळाइतकी त्रुटी धरतात ती मूळ नोंदींवरच. आधी फिट, मग भागाकार. रकान्यात दोन-चारच नोंदी असतील तर काय-वर्गापेक्षा (त्रुटीच्या मानाने फरकांचे वर्ग कमीत कमी करणारी पद्धत) लाइकलीहूड फिट (मिळालेल्या नोंदी सर्वांत संभाव्य ठरवणारा वक्र शोधणारी पद्धत) घ्या. आणि 'रूट'मधलं साधं 'इंटिग्रल' फक्त नोंदींची बेरीज देतं, रुंदी हवी तर 'विड्थ' सांगावं लागतं. हे नाव ठेवणाऱ्याला माझा नमस्कार.

वक्र नीट बसल्यावर दिसलं, १२ किलोखाली चार-पाच घड हवेत, वहीत अकरा. वडिलांना विचारलं.

"बांधाकडची ओळ असेल ती," ते म्हणाले. "उंदरांनी ठिबकची नळी कुरतडली होती."