बहुपदी समीकरणांचा संच सोडवताना या चुका टाळा

क्ष² + य² = २५ आणि क्ष × य = १२. दिसायला किती साधी जोडी! इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला मी ती फळ्यावर लिहिते, तेव्हा चारऐवजी आठ उत्तरे असलेल्या वह्या दरवर्षी समोर येतात. य = १२/क्ष हे पहिल्या समीकरणात घातले की क्ष⁴ − २५क्ष² + १४४ = ० मिळते. क्ष² ची किंमत ९ किंवा १६, म्हणून क्ष = ३, −३, ४, −४. इथपर्यंत सगळे बरोबर असते. घोटाळा होतो पुढच्या ओळीत. य काढायला मुले परत क्ष² + य² = २५ कडे वळतात, क्ष = ३ घालतात आणि य = ±४ लिहून मोकळी होतात. (३, −४) चा गुणाकार मात्र −१२ येतो. वर्ग केला की चिन्ह पुसले जाते, आणि पुसलेले चिन्ह त्याच समीकरणातून परत मिळत नाही. इथे य काढायचा तो य = १२/क्ष मधूनच. आणि ताळा करायचा तो मूळच्या प्रत्येक समीकरणात, एकात करून थांबायचे नाही. माझा सगळा भर या ताळ्यावर आहे, कारण पुढच्या बहुतेक चुका तिथेच पकडल्या जातात.

एक चूक मात्र ताळ्यातही सापडत नाही: हरवलेले उत्तर. क्ष² = क्ष × य आणि क्ष² + य² = ८ हा संच घ्या. पहिल्या समीकरणाला क्ष ने भागले की क्ष = य, आणि उत्तरे (२, २) व (−२, −२). दोन्हींचा ताळा जुळतो, मन निर्धास्त होते. पण भागताना क्ष = ० ही शक्यता आपण नकळत फेकून दिली. ती धरली तर य = ±२√२, म्हणजे आणखी दोन उत्तरे. चलाने भागायचे नाही. सगळे एका बाजूला आणून अवयव पाडायचे.

उत्तर हरवले आहे की नाही हे कळायला आधी अंदाज हवा. फ्रेंच गणिती एतिएन बेझू यांचा नियम इथे कामी येतो: उत्तरांची संख्या मर्यादित असेल, तर ती समीकरणांच्या घातांच्या गुणाकारापेक्षा जास्त नसते. वरच्या दोन्ही संचांत २ × २ = ४, आणि चारही वास्तव उत्तरे सापडली. पण ही वरची मर्यादा आहे, हमी नव्हे. दोन वेगळी वर्तुळे फार तर दोन बिंदूंत छेदतात, कारण वजाबाकी केली की वर्गपदे उडून जातात आणि रेषा उरते. तिथे चार शोधत बसू नका.

सापडलेले उत्तर कधी टाकायचे? भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात बीजगणितात वानरांचे उदाहरण दिले आहे. कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून आलेल्या संख्येचा वर्ग, इतकी वानरे गुहेत गेली आणि एक फांदीवर दिसले, तर एकूण किती? समीकरणातून ५० आणि ५ अशी दोन्ही उत्तरे येतात. पाच त्यांनी बाद केले, कारण पाचाच्या पाचव्या भागातून तीन वजा केले तर उणे दोन वानरे उरतात. उत्तर टाकायचे ते असे, प्रश्नाचा अर्थ पाहून. ‘ऋण आहे म्हणून नको’ हे कारण होत नाही.

आता संगणकाकडे. हाताने सुटत नाही म्हटले की न्यूटनची पद्धत (एका अंदाजी बिंदूपासून निघून पायरीपायरीने उत्तराकडे सरकायचे) लावतात, आणि सुरुवात हमखास (१, १) पासून करतात. पहिल्याच संचात हे करून पाहा, प्रोग्राम ‘एरर’ दाखवून थांबेल. या पद्धतीत प्रत्येक पायरीला ज्या निश्चयकाने (डिटर्मिनंटने) भागावे लागते तो इथे २क्ष² − २य² आहे, आणि क्ष = य असेल तर तो शून्य होतो. (२, १) पासून सुरुवात करा: पुढचा बिंदू (५.३३, ४.३३), मग (४.१८, ३.१८), मग (४.००५, ३.००५). तीन पायऱ्यांत जवळजवळ पोहोचलो. पण हाती आले एकच उत्तर, (४, ३). बाकी तिघांसाठी वेगवेगळ्या बाजूंनी सुरुवात करावी लागते. ‘संगणकाने एकच दिले म्हणजे एकच आहे’ असे समजणाऱ्यांना मी बेझूची आठवण करून देते.

सर्वात जास्त त्रास होतो तो मोजलेल्या आकड्यांनी. तीन मनोरे घ्या: (०, ०), (६, ०) आणि (०, ८). तिन्हींपासून आपण ५ अंतरावर असू, तर आपली जागा (३, ४). समजा दुसऱ्या मनोऱ्याचे अंतर मोजताना ५.२ आले. नेहमीप्रमाणे पहिले वर्तुळ बाकी दोघांतून वजा केले की दोन रेषा मिळतात, आणि त्यांचा छेद (२.८३, ४). उत्तर कसे नीटनेटके दिसते! मूळ समीकरणांत ताळा करा: अंतरे येतात ४.९०, ५.१० आणि ४.९०. एकही वर्तुळ जुळत नाही. जुळणार कसे? तीन वर्तुळे एका बिंदूत भेटतच नाहीत. वजाबाकीने ही विसंगती झाकून टाकली. अशा वेळी ‘अचूक उत्तर’ शोधायचेच नसते. सगळ्या चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी करणारा बिंदू शोधायचा.

याचीच उलटी बाजू बीजगणिती सॉफ्टवेअरमध्ये दिसते. चलांचा लोप करण्याच्या, म्हणजे एकेक चल समीकरणांतून काढून टाकण्याच्या, शास्त्रासाठी गणिती श्रीराम अभ्यंकर आयुष्यभर हिरिरीने बोलले. पुण्यात १९७६ साली भास्कराचार्य प्रतिष्ठान ही गणिताची संस्था उभी करणारे तेच. हा लोप यंत्राकडून करून घेण्याची ऑस्ट्रियन गणिती ब्रूनो बुखबर्गर यांची १९६५ची रीत आज अशा बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते. ती रीत काटेकोर आहे. समीकरणे चलांपेक्षा जास्त असतील आणि √२ च्या जागी तुम्ही १.४१४ लिहिलेत, तर ती ‘उकल नाही’ असे सांगेल, आणि दिलेल्या आकड्यांपुरते ते खरेच असेल. ०.१ ऐवजी १/१० लिहा, √२ साठी ट हे नवे चल घेऊन ट² = २ हे समीकरण जोडा. (मग ट ऋण निघालेली उत्तरे बाजूला काढा.)

लोपानंतर एका चलाचे मोठ्या घाताचे समीकरण हाती आले की सहगुणकांना अजिबात हात लावू नका. ब्रिटिश गणिती जेम्स विल्किन्सन यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे: १ ते २० ही मुळे असलेल्या बहुपदीत १९व्या घाताचा सहगुणक −२१०. तो सुमारे ०.००००००१२ ने बदलला की २० हे मूळ २०.८ च्या पलीकडे सरकते आणि दहा मुळे संमिश्र होतात.

जीपीएसचा रिसीव्हर हेच सगळे सतत सोडवत असतो. तीन सहनिर्देशक आणि घड्याळाची चूक अशी चार अज्ञाते, त्यासाठी किमान चार उपग्रह. हा प्रकल्प करणाऱ्यांची नेहमीची अडचण एककांची असते: अंतरे कोट्यवधी मीटरमध्ये, घड्याळाची चूक सेकंदाच्या दशलक्षांशात, आणि गणित डळमळते. घड्याळाच्या चुकीला प्रकाशवेगाने गुणून तीही मीटरमध्ये आणा. एक मायक्रोसेकंद म्हणजे सुमारे ३०० मीटर. मग वजाबाकी करून शेवटी एक वर्गसमीकरण उरते आणि त्याची मुळे दोन. ही दोन्ही मुळे मूळच्या समीकरणांत घालून पाहा, आणि मग पृथ्वीच्या केंद्रापासूनचे अंतर काढा: जमिनीवरच्या रिसीव्हरसाठी ते ६,३७० किलोमीटरच्या आसपास हवे. दुसरे मूळ सहसा तिथून हजारो किलोमीटर दूर निघते.