उथळ नदीत जेट बोट चालवताय? या चुका टाळा

न्यूझीलंडच्या राकाया, वायमाकारिरी, वायटाकी या नद्या एका धारेत वाहत नाहीत. गोट्यांनी भरलेल्या रुंद पात्रात त्यांचे अनेक फाटे फुटतात, पुन्हा मिळतात, आणि पूर येऊन गेला की कालची वाट आज सापडत नाही. अशा पाण्यासाठीच बिल हॅमिल्टन यांनी 1950 च्या दशकात जेट बोट घडवली. तिला खाली लोंबणारा पंखा नाही की सुकाणू नाही. तळातून पाणी ओढायचे आणि मागून जोरात फेकायचे, एवढ्यावर ती चालते. म्हणून हलकी अॅल्युमिनियमची बोट वेगात असताना जेमतेम 10 सेंटिमीटर पाण्यावरून निघून जाते. पण हा आकडा फक्त वेगातला आहे, आणि तेच विसरल्यामुळे बोटी अडकतात.

घाबरून थ्रॉटल सोडणे

पुढे पाणी उथळ दिसले की थ्रॉटलवरचा, म्हणजे वेगाच्या दांड्यावरचा, हात आपोआप मागे येतो. वेग तुटताच बोट पाण्यात बसते आणि तिला 30 सेंटिमीटर किंवा जास्त खोली लागते. बसताना आधी मागचा भाग खाली जातो, आणि पाणी ओढणारे तोंड नेमके तिथेच असते. त्यात आणखी एक गोष्ट: जेटची दिशा मागच्या फवाऱ्यावर वळते. फवारा नाही तर स्टिअरिंगही नाही. थ्रॉटल सोडून दगड चुकवायला गेलात तर बोट सरळ दगडावरच जाते.

म्हणून निर्णय आधी घ्या. वाट दिसत नसेल तर वरच्या खोल डोहात थांबा, काठावर उतरा, चालत जाऊन पाहा. एकदा उथळात शिरलात की वेग राखूनच बाहेर पडायचे. सराव प्रवाहाविरुद्ध करा. प्रवाहाबरोबर जाताना विचाराला निम्माच वेळ मिळतो.

पाण्याचा अंदाज घेताना गुळगुळीत व्ही आकार शोधा. त्याचे टोक वाहत्या दिशेला असेल तर ती दोन अडथळ्यांमधली खोल वाट. टोक वरच्या दिशेला असेल तर त्या टोकाशीच दगड आहे. वळणावर बाहेरची बाजू सहसा खोल असते, आतल्या बाजूला गोटे साचतात. उन्हाची चकाकी मारणारा पोलराइज्ड चष्मा लावा. साध्या काळ्या चष्म्याने तळ दिसत नाही.

काठाला लागूनच इंजिन सुरू करणे

घोटाभर पाण्यात इंजिन सुरू केले की पंप पाण्याबरोबर वाळू आणि खडेही ओढतो. बोट हाताने ढकलून किमान गुडघ्याच्या वर पाण्यात न्या आणि मगच सुरू करा. रिव्हर्सचेही तेच. बकेट, म्हणजे फवाऱ्यामागची वळवणारी झडप, खाली केली की फवारा बोटीखालून पुढे वळतो, तळ ढवळतो, आणि उसळलेले खडे पुन्हा तोंडात येतात.

पाणी ओढणाऱ्या तोंडावरच्या जाळीत गवत अडकल्यावर अनेक जण रिव्हर्स मारतात. त्याचा उपयोग नाही, कारण बकेट फक्त फवारा वळवते. पंप त्याच दिशेने फिरत आणि ओढत राहतो. खोल पाण्यात इंजिन बंद करा, ओढ थांबली की बरेचसे गवत आपोआप गळते. उरलेले काढताना किल्ली खिशात ठेवा. इंजिन चालू असताना जाळीजवळ हात कधीही नेऊ नका.

आरपीएमकडे दुर्लक्ष

बोट नवी असताना, नेहमीच्या वजनासह पूर्ण थ्रॉटलला किती आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) येतात ते वहीत लिहून ठेवा. निदानाचा याहून चांगला आधार नाही. आरपीएम वाढले आणि वेग घटला, तर दोष पंपाकडे: जाळी तुंबली, हवा आत येते आहे किंवा इम्पेलर (पंपातला पात्यांचा फिरता पंखा) झिजला. आरपीएमच घटले, तर आधी इंजिन तपासा. अचानक थरथर सुरू झाली तर पात्यात खडा अडकलाय किंवा पाते वाकलेय. तसेच पुढे रेटू नका, बेअरिंग जाईल. तापमान चढू लागले तर थंड करणाऱ्या पाण्याच्या वाटेत वाळू साचली आहे का पाहा.

गाळाच्या नदीत झीज लवकर होते. आउटबोर्ड जेटमध्ये (बोटीच्या मागे बाहेर टांगलेल्या इंजिनाच्या) इम्पेलर आणि त्याभोवतीचे अस्तर म्हणजे लायनर यांच्यातली फट सुमारे 0.8 मिलिमीटर असावी. ती फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) चारही बाजूंनी मोजा. फट वाढली तर नटाकडची एखादी शिम (पातळ चकती) काढून इम्पेलरच्या वरच्या बाजूला घाला. तो निमुळत्या लायनरमध्ये आणखी आत बसतो. पात्याची पुढची धार बोथट झाली तर कानसीने नीट करा. बेअरिंगला दर 10 तासांनी ग्रीस द्या. इनबोर्ड (बोटीच्या आत बसवलेल्या) पंपाचे माप मात्र त्याच्या मॅन्युअलमधूनच घ्या.

अॅल्युमिनियमला तांबे लागू देणे

तांब्याचा रंग, पितळी फिटिंग, बिल्जमध्ये (बोटीच्या आतल्या तळाशी, जिथे पाणी साचते) पडलेले नाणे किंवा वायरचा तुकडा: ओल्या जागी हे सगळे पत्रा खाऊन भोके पाडतात. बिल्ज दर फेरीनंतर पुसा. स्टेनलेस बोल्ट इन्सुलेटिंग पेस्ट लावून बसवा. पाणी ओढणाऱ्या तोंडाभोवतीच्या वेल्डिंगवर केसाएवढी चीर दिसते का, हे टॉर्च तिरपा धरून पाहा.

अडकल्यावर इंजिनाने ओढणे

बोट गोट्यांवर बसली की थ्रॉटल वाढवून फक्त पंप खराब होतो. इंजिन बंद, माणसे उतरवा, सामान उतरवा. अडलेल्या बोटीच्या खालच्या प्रवाहाकडे कोणीही उभे राहू नये. ती सुटली तर माणूस तिच्याखाली येतो. वरच्या काठाला दोर बांधा, फळी घाला, गोटे हाताने बाजूला करा.

दुसऱ्या नदीत जाण्यापूर्वी बोट, ट्रेलर आणि दोर पूर्ण तपासा. न्यूझीलंडच्या नद्यांमध्ये डिडिमो हे शेवाळ 2004 मध्ये सापडले, आणि ते ओल्या दोरातून, बुटातूनही पसरते. भांडी धुण्याच्या डिटर्जंटचे 5 टक्के द्रावण करून किमान एक मिनिट लावा, दोरासारख्या पाणी शोषणाऱ्या वस्तू जास्त वेळ भिजवा, नंतर कोरडे झाल्यावर 48 तास वाळू द्या.